आगीचे टप्पे फक्त भरतीच्या परीक्षेपुरते पाठ करायचे की वर्दीवर (आगीच्या कॉलवर) गेल्यावर खरंच उपयोगी पडतात?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की अ‍ॅकॅडमीतले सर म्हणाले, "पाच टप्पे पाठ कर, दोन मार्कांचं आहे, बाकी सगळं जागेवर गेल्यावर कळतं." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना. मी निवृत्त लिडिंग फायरमन आहे, एका मध्यम शहराच्या अग्निशमन केंद्रात नोकरी झाली. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

जागेवर गेल्यावर काही कळत नाही. जागेवर गर्दी असते, मालक रडत असतो, दहा जण दहा गोष्टी सांगत असतात, पंपाचा आवाज कानात असतो. त्यात डोक्यात आधीपासून जे पक्कं बसलंय तेवढंच कामाला येतं. म्हणून टप्पे पाठ कर, पण पाठ करताना पुस्तकातली आकृती कुठे अर्धवट आहे ते पण समजून घे.

आगीचा त्रिकोण (इंधन, हवा, उष्णता) आणि चौकोन (त्यात साखळी अभिक्रिया धरून) तुला येतच असणार. पेट घेणं, वाढ, फ्लॅशओव्हर (सगळी खोली एकदम पेटणं), पूर्ण भडका, उतार हे पाच टप्पे पण येत असणार. पुस्तकात याची डोंगरासारखी रेघ काढलेली असते, हळूहळू चढते, मध्ये एकदम उभी होते, वर सपाट आणि मग खाली. ती रेघ खरी आहे पण ती अशा खोलीची आहे जिथे हवा भरपूर आहे, खिडकी-दार उघडं आहे. आता तू सांग, रात्री दोन वाजता कुठलं दुकान उघडं असतं? एसीसाठी बंद केलेल्या बेडरूमचं दार कोण उघडं ठेवतं? बंद जागेत आग चढते, चढता चढता आतली हवा संपवते आणि फ्लॅशओव्हरला पोचायच्या आधीच खाली बसते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो साधारण १५-१६ च्या खाली गेला की ज्वाला टिकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं विझत आली, उतार लागला. पण उतार म्हणजे जळायचं सामान संपलं. इथे सामान सगळं शाबूत आहे, तापलेलं आहे आणि त्यातून गॅस सुटतोच आहे, फक्त पेटायला हवा नाहीये. खोलीत जो काळा-पिवळा धूर भरलाय तो धूर म्हणजेच न जळलेलं इंधन, त्यात कार्बन मोनॉक्साईड आहे, फोमचा गॅस आहे, सगळं पेटणारं. चुलीत लाकडं नुसती धुमसत असताना फुंकणी मारली की कसा भप्पकन जाळ होतो, तसंच, फक्त इथे फुंकणी म्हणजे तू उघडलेलं दार.

यावरूनच आमच्याकडे एकदा मोठा वाद झाला आणि तो वाद मी निवृत्त होईपर्यंत संपला नाही.

बाजारपेठेत गाद्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर मालकाचं बिऱ्हाड, बाजूने लोखंडी जिना. आत फोमच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या, उशा, रेक्झिनची थानं, मागच्या बाजूला शिलाई मशीन. पहाटे दूध टाकणाऱ्या पोराने धूर बघितला आणि वर्दी आली. गाडीचा इन्चार्ज मी होतो. पोचलो तर ज्वाला कुठेच नाही. शटर बंद, खाली दोन्ही बाजूंना कुलपं, आणि शटर जिथे गुंडाळतं त्या वरच्या पेटीतून धूर येत होता. तो धूर सरळ बाहेर येत नव्हता. थोडा बाहेर यायचा, थांबायचा, परत आत ओढला जायचा, परत बाहेर. रंग पिवळट तपकिरी, दाट. बाजूला एक काचेचा छोटा झरोका होता, त्याची काच आतून तेल फासल्यासारखी काळी झालेली.

वर माणसं होती त्यामुळे पहिलं काम ते. दोघांना बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा श्वसन संच) लावून जिन्याने पाठवलं, आजी, सून आणि लेकरं खाली आली, सगळी धडधाकट. मालक गावाला गेलेला होता तो नंतर आला. आता आत कोणी नाही हे सुनेने दोनदा सांगितलं, मी दोनदा विचारलं म्हणून दोनदा.

मग गर्दी सुरू झाली. "साहेब नुसता धूर आहे, शटर उचला, माल तरी काढू." चार-पाच पोरं शटरला हात घालायलाच पुढे आली, त्यांना मागे ढकलावं लागलं. तेवढ्यात आमच्यातलेच एक सीनियर, जवळच राहायचे, ड्युटी नसताना आवाज ऐकून आले. चांगला धाडसी माणूस, मला नोकरीत पाईप धरायला ज्यांनी शिकवलं त्यांतले एक. आल्या आल्या म्हणाले, "बघतोस काय, तोड कुलूप, उचल शटर, धूर बाहेर गेला की दिसेल काय ते."

मी होज रील (गाडीवरची गुंडाळलेली बारीक पाईप) घेतली आणि शटरवर वरून खालपर्यंत एक धार फिरवली. खालच्या पट्ट्यांवरून पाणी नुसतं ओघळलं. कमरेच्या थोडं वर, तिथून पुढे पाणी लागलं की चर्र करून उडत होतं आणि सगळ्यात वरच्या पट्ट्या तर ओल्या होतच नव्हत्या. शटरचा निळा रंग पण तिथूनच फुगून पापडी धरलेला. म्हणजे आत छतापासून कमरेपर्यंत तापलेला गॅस भरलाय, खाली थोडी थंड हवा, आणि धुराचा श्वास चाललाय म्हणजे आग हवा शोधतेय. इथे शटर उचललं तर खालून ताजी हवा आत जाणार आणि वरून गरम गॅस बाहेर येणार, दोन्ही वाटा एकाच वेळी मोकळ्या. आणि दार उघडलं तर ओढून परत लावता येतं, गोल गुंडाळणारं शटर तापल्यावर पट्टीत अडकतं, अर्ध्यावर गेलं की ना वर ना खाली. मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, ते त्यांना लागलं.

मागच्या बोळात एक्झॉस्ट फॅनचं भोक होतं, उंचावर. शिडी लावली, दुसरी लाईन चार्ज करून (पाईप पाण्याने भरून) घेतली, फॅन ग्रीलसकट पहारीने काढला आणि लगेच त्या भोकातून ब्रांच (पाईपचं तोंड) आत. स्प्रे नाही, जेट. धार सरळ छतावर मारायची, तिरक्या कोनात, छतावर आपटून थेंब सगळीकडे खाली पडतात आणि वरचा गॅस थंड होतो. स्प्रे मोठा उघडला तर त्याच्याबरोबर तूच हवा आत ढकलतोस आणि वाफेला बाहेर यायची जागा पण बंद करतोस, धार गरगर फिरवली तरी तेच होतं. एक लिटर पाण्याची सतराशे लिटरच्या आसपास वाफ होते हे पण पुस्तकातलंच वाक्य आहे, आणि शिडीवरच्या माणसाने भोकाच्या बाजूला का राहायचं हे त्या एका वाक्यात आहे.

थोड्या वेळात पेटीतून येणारा धूर पांढरट झाला आणि त्याचं आत-बाहेर थांबलं. मग कुलपं कापली, शटर वीतभर वर, दोन्ही बाजूंना एकेक माणूस गुडघ्यावर, लाईन हातात, समोर कोणी नाही. हवा लागल्यावर मागे शिलाई मशीनजवळ जाळ उठलाच, पण तेवढा पाण्याने दाबता आला. मग शटर वर.

आतलं जे दिसलं ते मी नंतर प्रत्येक नवीन पोराला सांगितलंय. छताच्या पंख्याची पाती वितळल्यासारखी खाली लोंबत होती. ट्यूबलाईटची पट्टी गळून गेलेली. भिंतीवरचं कॅलेंडर वरच्या अर्ध्यात कोळसा आणि खालच्या अर्ध्यात तारखा वाचता येत होत्या. काउंटरच्या खालच्या फळीवर पाण्याची प्लास्टिकची बाटली होती, ती जशीच्या तशी उभी, लेबल पण सुटलं नव्हतं. आणि पुढच्या बाजूच्या गाद्या जळल्या नव्हत्या, वरून वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. एवढं सामान, एवढी उष्णता आणि बहुतेक माल न जळलेला. फक्त हवा नव्हती म्हणून.

मालक आला तेव्हा सीनियरनी माझ्यासमोर त्याला सांगितलं, सुरुवातीलाच उचललं असतं तर पुढचा माल वाचला असता. झालं, तेव्हापासून केंद्रात माझं नाव पुस्तकी. चहाच्या टपरीवर, कुणाच्या निरोपसमारंभात, जिथे विषय निघेल तिथे हेच. "आम्ही आयुष्यभर आधी उघडलं आणि मग मारलं, आम्हाला काही झालं नाही."

त्यांना काही झालं नाही हे खरं आहे आणि का झालं नाही हे पण मला माहीत आहे. त्यांच्या तरुणपणी गादी कापसाची होती. घरावर कौलं होती, आग जरा चढली की कौलं तडकायची आणि धूर आपोआप वर निघून जायचा. लाकडी खिडक्यांना फटी होत्या. कापूस आणि लाकूड हळू चढतं आणि ते घर हवेला कधी उपाशी राहायचंच नाही. त्या घरांसाठी त्यांची पद्धत चालून गेली. आता वर स्लॅब, खिडकीला सरकती काच, पीओपीचं सिलिंग, सोफा फोमचा, पडदे पॉलिस्टरचे. अमेरिकेत यूएल नावाच्या संस्थेने दोन खोल्या बाजूबाजूला पेटवून बघितल्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान आणि दुसरीत आजकालचं फोम-सिंथेटिक. आजकालची खोली ४ मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरला गेली, जुनीला जवळपास अर्धा तास लागला. याचा व्हिडिओ पण आहे, शोधून बघ, सरांना पण दाखव.

"आग किती वेळात पसरते" या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं, तरी अजून एक हिशोब देतो कारण तो इंटरव्ह्यूला कामी येईल. आगीची ताकद वेळेच्या वर्गाने वाढते असं धरतात, म्हणजे वेळ दुप्पट झाला तर आग चौपट. एक मेगावॅटला पोचायला संथ आगीला ६०० सेकंद, मध्यमला ३००, जलदला १५०, अतिजलदला ७५. फोमची गादी शेवटच्या दोघांत बसते. आता वर्दी येऊन, गाडी निघून, बाजारातून वाट काढून तू पोचतोस तेव्हा यातलं काय उरलेलं असतं ते तूच धर. फायरमनला वाढणारी आग फार कमी वेळा बघायला मिळते. एक तर पूर्ण भडकलेली मिळते, नाहीतर हवेसाठी अडकून बसलेली मिळते, आणि दुसरी जास्त फसवी.

फ्लॅशओव्हर आणि बॅकड्राफ्ट एकच का, असं पण विचारलंयस. नाही. फ्लॅशओव्हर उष्णतेने होतो. छताखालचा थर ५००-६०० अंशांच्या घरात गेला की तिथून खाली इतकी धग पडते की खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच वेळी गॅस सोडायला लागते आणि काही सेकंदांत सगळी खोली पेटते. बॅकड्राफ्ट हवेने होतो, उष्णता आणि इंधन आधीच तयार असतं, दार उघडलं की हवा आत जाते, मिसळते आणि मग धमाका. यात कधी कधी दार उघडल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही आणि लोक त्या वेळातच आत शिरतात. आत असताना डोक्यावरच्या धुरात ज्वालेच्या जिभा सरकायला लागल्या, धुराचा थर भराभर खाली आला, धगीने तुला आपोआप जमिनीकडे दाबलं, खाली पडलेल्या कागदातून पण धूर निघायला लागला, तर विचार करत बसू नकोस, वर पाणी मार आणि बाहेर निघ. फायर सूट घातलेल्याला पण फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत सेकंदच मिळतात.

लंडनच्या किंग्ज क्रॉस मेट्रो स्टेशनची आग वाच, १८ नोव्हेंबर १९८७. लाकडी सरकत्या जिन्याखाली काडी पडली, खाली ग्रीस आणि कचरा साचलेला, सुरुवातीला बघणाऱ्यांना पुठ्ठ्याच्या खोक्याएवढा जाळ वाटला. ३१ माणसं गेली, त्यात आत शिरलेला एक फायर ऑफिसर. नंतर मॉडेल करून तपासलं तेव्हा कळलं की उतरत्या खाचेत ज्वाला वर न उठता उतारालाच चिकटून पडते आणि पुढच्या पायऱ्या तापवत जाते. जिन्यात असं होतं हे त्या आगीआधी कोणाला नीट माहीत नव्हतं. आपल्याकडे जुन्या वाड्यांना, चाळींना लाकडी जिने आहेत म्हणून सांगतोय, जिन्यावर आगीच्या वरच्या बाजूला पाण्याशिवाय कधीही उभं राहायचं नाही.

आणि १४ एप्रिल. अग्निशमन सेवा सप्ताह का असतो ते पाठ असेलच, १९४४, मुंबई गोदी, फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट, त्यात गेलेले आपले ६६ जवान. परीक्षेत एवढंच विचारतात. पण त्या जहाजात कापसाच्या गाठी धुमसत होत्या आणि त्याच जहाजात स्फोटकं होती, दुपारभर पाणी मारणं चाललं होतं पण आग नेमकी कुठल्या जागी आहे ते वरून दिसत नव्हतं, आणि जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावर एका जागी रंग जळायला लागला होता. तो रंग बघितल्यावर कळलं की आग तिथे आहे. मी शटरवर पाणी मारून पट्ट्या बघत होतो तेव्हा हेच डोक्यात होतं. सीनियरना मी हे एकदा सांगितलं, ते म्हणाले जहाज वेगळं, गादीचं दुकान वेगळं. पत्रा दोन्हीकडे सारखाच तापतो.

त्यांच्या मुद्द्याला एक उत्तर मी तेव्हा दिलं नाही, ते इथे देतो. पुढचा माल वाचला असता म्हणता, तो काढणार कोण होतं? तीच चार-पाच पोरं आणि त्यांच्या मागची गर्दी. शटर उचललं असतं तर ती पोरं गाद्या ओढायला दारातच वाकली असती, कमरेपासून वर तापलेला गॅस बाहेर पडायच्या वाटेवर. गादी किती रुपयांची येते?

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. एक, हे सगळं बंद खोलीचं, बंद दुकानाचं आहे. उघडं गोडाऊन, गॅस सिलिंडर, केमिकल, ट्रान्सफॉर्मर यांचं गणित वेगळं, ते यात मिसळू नकोस. दोन, आत माणूस असेल तर थांबायचं नसतं, आत जायचंच असतं, पण तेव्हा सुद्धा भरलेली लाईन हातात घेऊन, आणि शिरल्यावर दार मागे जेवढं ओढून घेता येईल तेवढं ओढून. तीन, तू नवीन असताना निर्णय तुझा नसतो, ऑफिसर म्हणाला उघड तर उघडायचं, पण धूर आत ओढला जातोय, काच काळी आहे, वरचा पत्रा तापलाय हे त्याला ओरडून सांगणं हे तुझं काम आहे आणि चांगला ऑफिसर ऐकतो. चार, सेकंदांचे आणि अंशांचे आकडे चाचण्यांतले आहेत, प्रत्येक खोलीला छत किती उंच, सामान काय, भोकं किती यावर बदलतात. आणि आग जास्त वेळ चालली की इमारत पण आगीचाच भाग होते. काळबादेवीला ९ मे २०१५ ला गोकुळ निवास कोसळली, त्यात मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. इतका अनुभव असलेली माणसं. अनुभवाला मी कमी लेखत नाहीये, माझा सगळा राग "अनुभव आहे तर वाचायची काय गरज" या बोलण्यावर आहे.

भरतीचं म्हणशील तर धावणं आणि वजन उचलून पळणं रोज चालू ठेव, मुलं तिथेच जास्त गळतात. सांताक्रूझच्या अग्निशमन अकादमीत फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, पुढे सब ऑफिसर व्हायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. जिथे जाशील तिथे इन्स्ट्रक्टरच्या मागे लागून धुराच्या खोलीत बीए सेट लावून बसायला माग, एकदा नाही, मिळेल तितक्या वेळा. दरवाज्यावर पाणी मारून थर कुठपर्यंत आलाय ते ओळखायची सवय तिथेच लावून घे. परीक्षेत टप्पे विचारले तर पाचच लिही, त्यात हुशारी दाखवू नकोस, तपासणाऱ्याकडे उत्तरपत्रिकेत पाचच असतात. इंटरव्ह्यूत मात्र "बंद खोलीत काय होतं" असं विचारलं तर वरचं सगळं सांग.

तुझ्या सरांना हे उत्तर दाखवलंस तरी चालेल. त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांनी खाली लिहावं, मी वाचून उत्तर देईन.